फोर्ट नेसेसिटी: चौकोनी की गोल, मूळचा की नवा?

पिट्सबर्गजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांना वेंकटेश्वर मंदिराचे दर्शन घडवल्यावर दुसऱ्या दिवशी ते त्यांना फोर्ट नेसेसिटी हे १७५४ च्या लढाईचे स्थळ पाहायला घेऊन गेले. रायगड आणि प्रतापगड पायी चढलेल्या वडिलांनी कुरणाच्या मधोमध उभे असलेले ते गोल लाकडी कुंपण पाहिले आणि ‘हा किल्ला की कोंडवाडा?’ असे विचारले. घरी परतल्यावर वाचकाला जुन्या वस्तूंच्या दुकानात कधीतरी घेतलेले एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर याच किल्ल्याचे चित्र आहे, पण तट चार बाजूंचा आणि बराच मोठा आहे. तेव्हा खरा आकार कोणता, आज उभा आहे तो किल्ला मूळचा आहे का, आणि नसेल तर तिथे जतन नेमके कशाचे चालले आहे, असे त्यांनी विचारले आहे.

माती आणि लाकूड यांच्या पुरातत्त्वीय स्थळांचे संवर्धन हाच माझा व्यवसाय असल्यामुळे प्रथम सरळ उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो. खरा आकार गोल होता. आज जमिनीवर उभा असलेला एकही खांब मूळचा नाही. जतन होते ते त्या खांबांच्या पायाखालच्या ओल्या मातीचे आणि भोवतालच्या कुरणाचे. वडिलांचा शेराही अगदीच चुकीचा नाही, कारण १७५४ मध्येसुद्धा त्या बांधकामाकडे पाहून एका जाणत्या माणसाने जवळपास असेच म्हटले होते.

प्रसंग असा की ओहायो नदीच्या खोऱ्यावर फ्रेंच आणि ब्रिटिश दोघेही हक्क सांगत होते, आणि ज्यांची ती भूमी होती त्या मूळ अमेरिकी लोकांना दोघेही विचारत नव्हते. आज जिथे पिट्सबर्ग शहर आहे त्या नद्यांच्या संगमावर फ्रेंचांनी फोर्ट ड्यूकेन बांधायला घेतला. व्हर्जिनियाचा कारभारी लेफ्टनंट गव्हर्नर रॉबर्ट डिनविडी याने त्या दिशेने जी तुकडी पाठवली, तिचा प्रमुख बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन होता. २८ मे १७५४ रोजी सकाळी वॉशिंग्टनच्या माणसांनी आणि सेनेका या मूळ अमेरिकी जमातीचा नेता तानाकारिसन याच्या योद्ध्यांनी एका घळीत फ्रेंच तुकडीला गाठले. त्या चकमकीत फ्रेंच अधिकारी जुमोनव्हिल मारला गेला. फ्रेंच उलटून येणार हे उघड होते, म्हणून ‘ग्रेट मेडोज’ नावाच्या कुरणात वॉशिंग्टनने घाईघाईने एक मेढेकोट उभारला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो पुरा झाला. ‘नेसेसिटी’ म्हणजे निकड, आणि नावातच बांधकामाचा दर्जा आला.

मेढेकोट हा शब्द मी मुद्दाम वापरतो. एकमेकांना खेटून जमिनीत रोवलेल्या मेढींची तटबंदी म्हणजे मेढेकोट. जुन्या मराठीत या प्रकाराला इतका नेमका शब्द असताना आपण ‘लाकडी किल्ला’ असे मोघम का म्हणावे, हे मला कळत नाही. गडकोट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर आणि दगड येतात. अमेरिकेच्या पूर्वेकडील सीमावर्ती किल्ले मात्र बहुतेक लाकूड आणि माती यांचेच होते, कारण जंगल हाताशी होते, वेळ नव्हता आणि ते शंभर वर्षे टिकावेत अशी बांधणाऱ्यांची अपेक्षाही नव्हती.

मेढेकोटाचा व्यास अवघा ५३ फूट होता. आत १४ फूट लांबी-रुंदीची एक लाकडी खोली होती आणि तिच्यात दारूगोळा व शिधा ठेवला जाई. आता हिशेब करून पाहा. ५३ फूट व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २,२०० चौरस फूट होते, त्यातून खोलीचे जवळपास २०० वजा केले की उरतात २,०००. लढाईच्या दिवशी वॉशिंग्टनकडे सुमारे ४०० माणसे होती, म्हणजे माणशी पाच चौरस फूट. एवढ्या जागेत माणूस उभा राहील, पण बंदूक ठासू शकणार नाही. यावरून मेढेकोट ही कोठाराची राखण होती आणि खरी लढाई बाहेरच्या खंदकांतून व्हायची होती, हे स्पष्ट होते. पुढची दीडशे वर्षे जो घोळ झाला तो नेमकी ही गोष्ट लक्षात न आल्यामुळे झाला.

३ जुलैला सकाळी उशिरा सुमारे ६०० फ्रेंच आणि त्यांच्या बाजूचे १०० मूळ अमेरिकी योद्धे तिथे पोहोचले. त्यांचा सेनानी होता मारल्या गेलेल्या जुमोनव्हिलचा सख्खा भाऊ. कुरण सखल आणि दलदलीचे, भोवतीची जमीन चढती आणि झाडी बंदुकीच्या टप्प्यात. फ्रेंच झाडांच्या आडोशाने गोळ्या झाडत राहिले आणि दिवसभर पाऊस कोसळत राहिला. खंदकांत पाणी भरले, दारू भिजली, बंदुका निकामी झाल्या. रात्री बोलणी झाली. तहाचा मसुदा फ्रेंचमध्ये होता आणि तो जेकब व्हॅन ब्राम या डच माणसाने मेणबत्तीच्या उजेडात वाचून तोंडी भाषांतर केले. त्या मसुद्यात जुमोनव्हिलचा ‘खून’ झाला असा शब्द होता. वॉशिंग्टन आणि दुसरा अधिकारी कॅप्टन जेम्स मॅके यांनी त्यावर सह्या केल्या, आणि पुढे तोच शब्द फ्रेंचांनी युरोपभर मिरवला. ४ जुलैला सकाळी ब्रिटिश तुकडी बाहेर पडली आणि फ्रेंचांनी मेढेकोट जाळला. आयुष्यात वॉशिंग्टनने शत्रूपुढे शरणागती पत्करली ती ही एकदाच.

वर ज्या जाणत्या माणसाचा उल्लेख केला तो तानाकारिसन. लढाईपूर्वीच तो आपल्या लोकांना घेऊन निघून गेला होता. वॉशिंग्टनने कुरणावर ‘ती एवढीशी वस्तू’ उभी केली आणि शत्रू उघड्यावरून समोर चालत येईल असे गृहीत धरले, या अर्थाचे त्याचे उद्गार पेनसिल्व्हेनियाचा दुभाषा कॉनराड वायझर याने नोंदवून ठेवले आहेत. लष्करी दृष्टीने याहून अचूक समीक्षा नंतरच्या कोणत्याही तज्ज्ञाने केलेली माझ्या वाचनात नाही.

आता आकाराचा घोळ. जळालेल्या मेढेकोटाचे जमिनीवर फारसे काही उरले नाही, पण खंदक खणताना बाहेर टाकलेल्या मातीचे उंचवटे मात्र उरले. १८१६ मध्ये फ्रीमन लुईस या मोजणीदाराने त्या उंचवट्यांची मोजणी केली आणि किल्ला त्रिकोणी असल्याचा नकाशा काढला. १८३० मध्ये इतिहासकार जेरेड स्पार्क्स तिथे गेला आणि त्याने चार बाजूंची, शंकरपाळ्यासारखी आकृती काढली. दोघेही प्रामाणिक होते, आणि दोघांनी जे पाहिले ते खरोखर तिथे होते. फक्त ज्याला ते तटाची जोती समजत होते, ते तटाबाहेरच्या खंदकांचे बांध होते. १९०१ मध्ये थोडे उत्खनन झाले, तरी त्रिकोण की चौकोन हाच वाद पुढे चालू राहिला. वर्तुळाचा विचार कोणी गांभीर्याने केला नाही.

वर्तुळाचा पुरावा मात्र आधीपासून होता. १७५९ मध्ये रस्ता बांधण्याच्या कामावर निघालेला कर्नल जेम्स बर्ड वाटेत तिथे थांबला होता आणि त्याने आपल्या रोजनिशीत साफ लिहून ठेवले की हा एक छोटा गोल मेढेकोट असून मधोमध लहानसे घर आहे, आणि बाहेर काही अंतरावर छोटा खंदक आहे. लढाईत प्रत्यक्ष असलेला जॉन शॉ याच्या जबानीतही गोलाकार मेढेकोट आणि मध्ये दाणागोट्याचे छोटे घर असाच उल्लेख आहे. पण राष्ट्रपित्याचा किल्ला इतका किरकोळ कसा असेल, असा एक न बोललेला संकोच अभ्यासकांच्या मनात असावा असे मला वाटते. त्यात ४०० माणसांच्या हिशेबाची भर पडली. एवढी माणसे मावतील असा तट शोधायचा, हे एकदा ठरल्यावर मोठ्या उंचवट्यांकडे दुर्लक्ष करून लहान वर्तुळ कोण शोधणार?

तुमचे पोस्टकार्ड या टप्प्यावरचे आहे. १९३१ मध्ये अमेरिकी संसदेने या जागेला राष्ट्रीय रणभूमी स्थळाचा दर्जा दिला. पुढचे वर्ष वॉशिंग्टनच्या जन्माच्या द्विशताब्दीचे असल्याने उत्साह मोठा होता, आणि उत्साह हा आमच्या व्यवसायातला सर्वांत धोकादायक पदार्थ आहे. १९३२ च्या जुलैमध्ये चार बाजूंचा भक्कम लाकडी किल्ला उभारून त्याचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. त्याचा तट बऱ्याच अंशी त्या जुन्या बांधांच्या रेषेवर होता. म्हणजे खंदकाच्या जागी भिंत आली. वीस वर्षे लोकांनी तोच किल्ला खरा म्हणून पाहिला, त्याची चित्रे छापली आणि मुलांना दाखवला.

१९५४ मध्ये लढाईला दोनशे वर्षे होणार होती. त्या निमित्ताने डागडुजी करण्यापूर्वी एकदा नीट उत्खनन करावे, असे राष्ट्रीय उद्यान सेवेने ठरवले आणि जे. सी. हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञाकडे काम सोपवले. मूळचा वास्तुशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या हॅरिंग्टनने त्याआधी जेम्सटाउन येथील उत्खननात नाव मिळवले होते. अमेरिकेतल्या ऐतिहासिक पुरातत्त्वाचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना होते. १९५२ आणि १९५३ अशा दोन हंगामांत त्याने बांध आडवे छेदून त्यांचा थर पाहिला आणि ते खंदकांचेच आहेत हे दाखवून दिले. मग १९३२ च्या किल्ल्याच्या आतल्या बाजूला त्याला एक वक्र चर सापडला. तो पुरा उघडल्यावर ५३ फूट व्यासाचे वर्तुळ झाले. चराच्या तळाशी पांढऱ्या ओकच्या मेढींची बुडे अजूनही लाकूड म्हणून शिल्लक होती.

जमिनीत चर ‘सापडतो’ म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणे थोडे कठीण असते, म्हणून एक अनुभव सांगतो. अशाच एका अठराव्या शतकातल्या तटाच्या शोधात आम्ही तीन दिवस माती खरवडत होतो आणि हाती काही लागत नव्हते. चौथ्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला. सकाळी सातच्या सुमारास थापीची धार आडवी धरून मी एक हात जागा तासली आणि पिवळट मातीत हातभर रुंदीचा एक करडा पट्टा दिसला, त्यात मध्ये मध्ये काळसर गोल डाग होते. न खणलेली माती एकाच रंगाची असते. चर खणून पुन्हा भरला की वरची काळी माती आणि खालची पिवळी माती एकमेकींत मिसळते आणि ती मिसळण दोनशे वर्षांनंतरही वेगळी दिसते. काळे डाग हे मेढींचे होते. पण ऊन चढले तशी माती सुकत गेली आणि वीस मिनिटांत तो पट्टा डोळ्यांदेखत नाहीसा झाला. तोपर्यंत आम्ही कडेने खिळे रोवून सुतळी बांधली होती, म्हणून बरे.

नेसेसिटीत डागांच्या पलीकडे प्रत्यक्ष लाकूड मिळाले, याचे कारण पाणी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. कायम पाण्याने भरलेल्या मातीत हवा पोहोचत नाही, त्यामुळे बुरशी जगत नाही. मेढींचा वरचा भाग फ्रेंचांनी जाळला, जमिनीलगतचा कुजला, आणि पाण्याच्या पातळीखालची बुडे राहिली. ज्या दलदलीने ३ जुलैला वॉशिंग्टनचे खंदक भरले, तिनेच त्याच्या मेढेकोटाचा पुरावा सांभाळला. तुम्ही गेलात तेव्हा बूट चिखलाने भरले असतील तर त्याबद्दल तक्रार करू नका. पाहुण्यांच्या सोयीसाठी त्या कुरणाचा निचरा केला, तर न खणलेल्या भागात जे काही उरले असेल ते काही दशकांत नष्ट होईल.

या शोधानंतर चौकोनी किल्ला उतरवण्यात आला आणि १९५४ च्या द्विशताब्दीला मूळ वर्तुळावर नवा मेढेकोट उभा राहिला. तुम्ही पाहिलात तो हा. त्याच्या भोवतालचे खंदक आणि बांधही हॅरिंग्टनच्या नोंदींवरून पुन्हा आखलेले आहेत. स्वतःची चूक सरकारी खर्चाने पाडून दुरुस्त करण्याची उदाहरणे आमच्या क्षेत्रात थोडी आहेत, आणि म्हणूनच मी विद्यार्थ्यांना या जागेचे उदाहरण देतो.

तरीही पुनर्बांधणी योग्य की अयोग्य, हा प्रश्न संपत नाही. अमेरिकेच्या गृह खात्याने वारसास्थळांसाठी चार प्रकारचे उपचार ठरवून दिले आहेत: आहे तसे राखणे, वापरासाठी जुळवून घेणे, एखाद्या विशिष्ट काळाच्या रूपात परत आणणे, आणि नष्ट झालेले नव्याने बांधणे. चौथा उपचार सर्वांत शेवटी विचारात घ्यायचा असतो. कागदपत्रे आणि जमिनीतला पुरावा दोन्ही पुरेसे असतील आणि नवे बांधकाम नवे आहे हे स्पष्ट सांगितले जाईल, तरच त्याला परवानगी असते. अंदाजाने बांधायला मनाई आहे. १९३२ चा किल्ला या कसोटीवर टिकला नसता. १९५४ चा टिकतो, पण पूर्णपणे नाही: मेढींच्या बुडांवरून जागा आणि जाडी कळते, तटाची उंची कळत नाही. उंची, दाराची घडण आणि खोलीचे छप्पर या बाबतींत तर्काचा भाग आहेच.

पुनर्बांधणीची किंमतही द्यावी लागते. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम शहरात फोर्ट स्टॅनविक्स हा १७५८ चा किल्ला आहे. १७७७ मध्ये त्याने ब्रिटिशांचा वेढा परतवला होता. पुढे त्याच्यावरच शहराचा मध्यभाग वसला. १९७० च्या दशकात इमारती पाडून उत्खनन झाले आणि काँक्रीटच्या गाभ्यावर लाकडी ओंडके बसवून किल्ला पुन्हा उभारला गेला. पाहायला तो प्रभावी आहे. पण त्याच्या पायासाठी जी माती हलली ती आता कोणालाही पुन्हा वाचता येणार नाही, आणि दोनशे वर्षांच्या शहराचा इतिहासही त्यासोबत गेला. उलट टोकाला न्यू मेक्सिकोतला फोर्ट युनियन आहे. कच्च्या विटांचा तो किल्ला लष्कराने १८९१ मध्ये सोडला. तिथे भिंती नव्याने बांधलेल्या नाहीत. आहेत त्या पडक्या भिंतींना मातीचा गिलावा देत राहणे, पावसाचे पाणी त्यांच्या पायाशी साचू न देणे, एवढेच काम वर्षानुवर्षे चालते. मला व्यक्तिशः हा मार्ग अधिक पटतो, पण पेनसिल्व्हेनियातल्या दलदलीत लाकडाचा पडका तट राखणे शक्य नाही, हेही मान्य करावे लागते.

तिसरा मार्ग तुमच्या घराजवळच आहे. पिट्सबर्गच्या पॉइंट स्टेट पार्कमध्ये फोर्ट ड्यूकेनची फक्त रूपरेषा जमिनीवर दगडांनी आखलेली आहे. काही उभारलेले नाही, त्यामुळे काही चुकलेलेही नाही. तिथून चार पावलांवर, ब्रिटिशांनी नंतर बांधलेल्या फोर्ट पिटचे १७६४ चे ब्लॉक हाउस, म्हणजे पहाऱ्याची छोटी भक्कम इमारत, आहे, आणि ते मात्र खरोखर मूळचे आहे. किल्ला मोडल्यावर त्यात बिऱ्हाडे राहत होती, म्हणून ते वाचले. वडिलांना अस्सल जुने लाकूड पाहायचे असेल तर त्यांना तिथे न्या.

नेसेसिटीच्या नव्या मेढींबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगतो. जमिनीत रोवलेला खांब वरून किंवा तळातून क्वचितच निकामी होतो. तो कुजतो जमिनीलगतच्या चार-सहा इंचांत, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच असतात. पुढच्या वेळी जाल तेव्हा वाकून त्या रेषेकडे पाहा. लाकूड काळे पडलेले किंवा बोटाने दाबले तर मऊ लागते का, ते तपासा. मेढ बदलण्यासाठी प्रत्येक वेळी त्याच चरात पुन्हा खणावे लागते. मूळ पुरावा नोंदवून काढून घेतलेला असल्यामुळे इथे ते चालते. ज्या स्थळी उत्खनन झालेले नाही, तिथे साध्या कुंपणाचा खांब रोवतानाही आम्ही आधी पुरातत्त्वज्ञाला बोलावतो.

कुरणाचे जतन हा भाग पाहुण्यांच्या नजरेतून हमखास सुटतो. लढाई समजण्यासाठी झाडीची कड कुठे होती हे कळणे तटाच्या आकाराइतकेच महत्त्वाचे आहे, कारण गोळ्या तिथूनच आल्या. १७५४ नंतर ही जमीन बराच काळ खासगी मालकीची होती. काही वर्षे तिचा मालक खुद्द वॉशिंग्टन होता. पराभवाच्या जागेची २३४ एकर जमीन त्याने पुढे विकत घेतली आणि मरेपर्यंत ठेवली. झाडीची कड मात्र या काळात मागे सरकली होती. आता ती जुन्या जागी आणण्यासाठी झाडे लावली जातात.

रणभूमीवर पडलेली प्रत्येक शिशाची गोळी जागच्या जागी नोंदवली तर कोण कुठून झाडत होते हे कळते. खिशात घातली तर ती नुसते शिसे राहते. म्हणून तिथे मेटल डिटेक्टर घेऊन जाऊ नका. परवानगीशिवाय अशा वस्तू उकरून नेणे हा १९७९ च्या संघीय पुरातत्त्व संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

पोस्टकार्डाबद्दल शेवटी. ते चुकीचे चित्र म्हणून टाकून देऊ नका. १९३२ ते १९५३ या काळात तिथे काय उभे होते याचा तो अस्सल दस्तऐवज आहे. मागे टपालाचा शिक्का असेल तर साल वाचा, दोन्ही बाजू चांगल्या प्रतीत स्कॅन करा आणि उद्यानाच्या अभिलेखागाराकडे विचारणा करा. कोपऱ्यात लाकडांचे सांधे दिसत असतील, तर तेवढा भाग मोठा करून वेगळा स्कॅन केलात तर उत्तम.